उणे सहा स्टुलं

वहिनीच्या आवाजाला दोन मालक होते. सकाळी पाणी तापत असायचं तेवढा वेळ तो तिचा स्वतःचा. मग ती कारखान्याचं दार उघडायची, आणि दिवेलागणीपर्यंत तोच आवाज अर्धा नवऱ्याचा व्हायचा, अर्धा दिराचा. सहा वर्षं हे असं चाललं होतं. नदीलाही दोन काठ असतात, पण ते नदीच्या तोंडून एकमेकांना टोमणे मारत नाहीत.

कारखाना म्हणजे पत्र्याचा एक लांबोडका गाळा. डाव्या टोकाला थोरला, वहिनीचा नवरा. तो लेथवर लाकूड कातायचा आणि पाय काढायचा. उजव्या टोकाला धाकटा, तिचा दीर. तो फळ्या कापून, रंधा मारून गोल बैठका करायचा. मधोमध वहिनी. बैठकांना गिरमिटाने भोकं पाडायची, भोकात सरस सोडायचा आणि पाय ठोकून बसवायचे, हे तिचं काम. या गाळ्यातून वर्षानुवर्षं बसायचं स्टूल तेवढं बाहेर पडत आलं. तीन पायांचं असलं तर त्याला तिवई म्हणायचं, चार पायांचं असलं तर नुसतं स्टूल. दोन्हींचे पाय सारखे, बैठका सारख्या. फरक काय तो भोकांचा. पण भोक ही अशी गोष्ट आहे की एकदा पडलं की परत घेता येत नाही, बोललेल्या शब्दासारखं.

दोघा भावांचं भांडण झालं ते एका तिवईवरून. गल्लीतला न्हावी, अंगाने चांगला भरलेला माणूस, सहज गप्पा मारायला आला आणि बसला. बसला तो थेट जमिनीवर. थोरला म्हणाला, बैठक तडकली. धाकटा म्हणाला, पाय घसरला. न्हावी बिचारा उठायला हात मागत होता, पण दोघांचे हात एकमेकांकडे दाखवण्यात गुंतले होते. दुसऱ्या दिवशी नीट तपासून निवाडा करू असं ठरलं, आणि दुसऱ्या दिवशी कळलं की मोडकी तिवई वहिनीने पहाटेच चुलीत घातली. पाणी छान तापलं होतं. निवाडा मात्र राखेत गेला, आणि त्या दिवसापासून भाऊ भावाशी बोलेनासा झाला.

न बोलण्याचीही त्यांनी एक शिस्त बसवली होती. दोघांमध्ये अंतर असेल दहा पावलांचं. थोरला म्हणायचा, "त्याला सांग, तुझ्या रंध्याची धूळ माझ्या नाकात येते." हे धाकट्याला स्वच्छ ऐकू जायचं. पण तो ढिम्म. वहिनी त्याच्याकडे वळून म्हणायची, "भावजी, रंधा जरा तिकडे तोंड करून मारता का?" मग तो नुकतंच कळल्यासारखा मान वर करायचा आणि म्हणायचा, "त्याला म्हणावं, नाक तिकडे तोंड करून ठेव." हे थोरल्याने ऐकलेलं असायचं. तरी तो बायकोच्या तोंडाकडे बघत वाट पाहायचा. वहिनी म्हणायची, "बरं म्हणतात."

ती निरोप धुऊन, पिळून, वाळत घालून द्यायची. गाढव निघालं की त्या जागी भावजी घालायची. अक्कल, मेंदू, खोपडी हे शब्द वाटेत सांडून टाकायची. एका हिवाळ्यात तिचा घसा तीन दिवस बसला, तर तीन दिवस काम बंद. धाकट्याने खाणाखुणा करून बघितलं, पण खुणेतली शिवी तिला सौम्य करता येईना, म्हणून तिने डोळे मिटून घेतले.

गिऱ्हाइकांसाठी दारावर पाटी होती: पाय डावीकडे सांगावेत, बैठका उजवीकडे सांगाव्यात. ही पाटी धाकट्याने लिहिली आणि थोरल्याने ठोकली, दोन वेगवेगळ्या दिवशी. थोरला पायांची ऑर्डर घ्यायचा आणि बैठकांचा आकडा कोणी काढला तर लेथ चालू करायचा. धाकट्याला पाय ऐकायचे नसत. गिऱ्हाईक दोन्ही टोकांना जाऊन आपापला आकडा सांगून यायचं, आणि वहिनी भागाकार करायची. छत्तीस पाय, बारा बैठका, म्हणजे तिवया. वीस पाय, पाच बैठका, म्हणजे स्टुलं. एका वेळी एकच प्रकार लागायचा, त्यामुळे सहा वर्षांत भागाकार कधी चुकला नाही.

आणि मग वाचनालयाची ऑर्डर आली.

वाचनालयाच्या बाईंना दोन्ही प्रकार हवे होते. म्हातारे वाचक वाचता वाचता पेंगतात आणि एका बाजूला कलतात, त्यांच्यासाठी चार पायांची स्टुलं. बाकीच्यांसाठी तिवया. बाई आल्या त्या दिवशी वहिनी नेमकी दाढ काढायला गेली होती. बाईंनी पाटी वाचली. पाटी वाचणाऱ्याच त्या. डावीकडे जाऊन सगळे मिळून पाय सांगितले, उजवीकडे जाऊन सगळ्या मिळून बैठका सांगितल्या, वहिनीसाठी चिठ्ठी ठेवली की दोन्ही प्रकार आहेत, बाकीचं हे दोघं सांगतीलच, आणि भावाकडे डोंगरात निघून गेल्या. तिथे फोन लागत नाही. परत येणार त्या शनिवारी संध्याकाळी, टेम्पो घेऊन, माल न्यायला.

आता वहिनीला शनिवारची काळजी नव्हती, तिची सगळी काळजी शुक्रवारची होती. तिची धाकटी बहीण दूरच्या गावी राहायची. बहिणीच्या गावाला आठवड्यातून एकच बस, शुक्रवारी दुपारी बाराची. सहा वर्षं बहीण बोलावत होती आणि सहा वर्षं वहिनी येते येते म्हणत होती, कारण ती गेली की कारखान्याची वाचा जाणार. गेल्या महिन्यात बहीण फोनवर म्हणाली, "ताई, तू तिथे बायको आहेस की टपालखातं?" दुसऱ्या दिवशी जाऊन वहिनीने तिकीट काढलं. पिशवी भरली. दोन्ही भावांना सांगितलं, दोघांनी वेगवेगळं ऐकलं, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा दोघांचं उत्तर एकच आलं: जा, पण वाचनालयाची भोकं पाडून जा.

बुधवारी सकाळी ऊन पत्र्याच्या फटीतून आत आलं आणि भुशाचे कण त्यात सोन्यासारखे तरंगायला लागले. डावीकडे पायांचा ढीग, उजवीकडे बैठकांच्या चळती. वहिनीने गिरमिटाला तेल दिलं, पदर खोचला आणि नवऱ्याला विचारलं, "किती पाय?"

"दोनशे चार."

"भावजी, बैठका?"

"सत्तर."

वहिनी भागाकार करायला गेली आणि तिथेच थांबली. सत्तराने दोनशे चारला भागलं तर धड तीनही येईनात. तिने बोटांवर केलं, फळीवर केलं, मग वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय, आणि समोरच्या खोलीतल्या गणितमास्तरांना हाक मारली.

मास्तरांना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती. मुलं गेली, पण शिकवायची खुमखुमी गेली नव्हती. ते रोज दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याकडे आशेने बघायचे की याला काही अडलंय का. वहिनीची हाक ऐकली आणि ते अशा वेगाने आले की एक चप्पल रस्त्यातच राहिली.

"दोन अज्ञात," मास्तर म्हणाले. त्यांचे डोळे पाणावले होते. "आणि दोन समीकरणं. वहिनी, तुम्ही मला आज काय दिलंत हे तुम्हाला कळायचं नाही."

त्यांनी सुताराची चपटी पेन्सिल घेतली आणि एका फळीवर लिहिलं. तिवया क्ष, चार पायांची स्टुलं य. क्ष अधिक य बरोबर सत्तर. तीन क्ष अधिक चार य बरोबर दोनशे चार. वहिनीने विचारलं, हा क्ष कोण? मास्तर म्हणाले, तोच तर शोधायचाय. ती म्हणाली, तिवया शोधायच्या सोडून त्याला कशाला शोधता? मास्तरांनी शांतपणे सांगितलं की तिवया आणि क्ष एकच, नाव तेवढं तात्पुरतं दिलंय, काम झालं की काढून घेऊ.

मग त्यांनी रीत समजावली. "असं धरा, सत्तरच्या सत्तर बैठकांना तीन-तीन पाय वाटले. किती लागले?"

"दोनशे दहा."

"आता आपल्याकडे आहेत दोनशे चार. जेवढे पाय उरतील, तेवढ्या बैठकांना चौथा पाय मिळेल. ती तुमची चार पायांची स्टुलं. पहिल्या समीकरणाला तिनाने गुणायचं आणि दुसऱ्यातून वजा करायचं, ते हेच." मास्तरांनी वजाबाकी केली, दोन रेघा ओढल्या आणि मागे सरकून फळीकडे बघत राहिले, जसं कोणी आपल्या नातवाकडे बघावं. "य बरोबर उणे सहा."

"उणे म्हणजे?"

"चार पायांची स्टुलं उणे सहा. आणि तिवया शहात्तर."

"मास्तर, बैठका सत्तर आहेत. शहात्तर तिवया कुठून करू?"

"त्याचा अर्थ अगदी सरळ आहे," मास्तर म्हणाले. "कुठून तरी चार पायांची सहा तयार स्टुलं आणायची आणि मोडायची. त्यातून सहा बैठका निघतील, चोवीस पाय निघतील. ते तुमच्या मालात मिसळा. बरोबर शहात्तर तिवया होतात. एक पाय उरणार नाही. करून बघा."

वहिनीने मनात करून बघितलं. खरंच होत होतं.

"आणि म्हाताऱ्यांना चार पायांची किती द्यायची?"

"एकही नाही. उलट त्यांच्याकडूनच सहा घ्यायची."

थोरल्याने लेथ थांबवला होता. धाकट्याने रंधा खाली ठेवला होता. वहिनीने हवेतच विचारलं की उणं स्टूल कसं दिसतं, कोणाला माहीत आहे का.

थोरला म्हणाला, "त्याला सांग, तो करतो तेच उणं स्टूल. माणूस बसला की आधी उभा होता तोही उरत नाही."

वहिनीने हे धुऊन द्यायच्या आत धाकटा म्हणाला, "त्याला म्हणावं, उण्या स्टुलाचे पाय आभाळाकडे असतात. तिथे तरी ते घसरायचे नाहीत."

मास्तर दोघांकडे आळीपाळीने बघत होते. गणितावर इतकी चर्चा त्यांच्या वर्गात कधी झाली नव्हती. जाताना चपलेसाठी रस्त्याकडे वळले आणि वहिनीला हळूच म्हणाले, "रीत चुकलेली नाही. रीत दळण दळते, वहिनी. पीठ खरखरीत आलं तर जात्याला दोष देऊ नका, सुपात बघा."

वहिनीने सुपात बघायचं ठरवलं. सुपं दोन होती, आणि दोन्ही तिच्याकडे पाठ करून कामाला लागली होती. धाकटा तर आधीच गुळगुळीत झालेल्या बैठकीवर पुन्हा रंधा मारत होता. हे तिला खटकलं. तिने चळती मोजल्या. बरोबर सत्तर. म्हणजे आकडा खोटा नव्हता. मग तिने प्रश्न बदलला.

"भावजी, बैठका सत्तर आहेत हे दिसतंय मला. बाईंनी किती सांगितल्या होत्या?"

धाकट्याने रंध्याचं पातं काढलं, फुंकलं, उन्हात धरलं, पुन्हा बसवलं. दहा पावलांवर लेथ होता, आणि तो बंद होता. इतका बंद लेथ त्या गाळ्यात पूर्वी कोणी ऐकला नव्हता.

"वहिनी, इकडे या," धाकटा म्हणाला आणि तिला कोपऱ्यात फळ्यांच्या मागे घेऊन गेला. तिथून अंतर होतं अकरा पावलांचं. "साठ," तो कुजबुजला.

"मग वरच्या दहा?"

"एवढी मोठी ऑर्डर पहिलीच. म्हटलं चार-दोन ऐनवेळी तडकल्या तर नाक कापलं जाईल." मग त्याहून हळू आवाजात, "लाकूडच आहे शेवटी. तडकतं कधी कधी. त्याला सांगू नका."

त्याला सांगायची गरज नव्हती. लेथ सुरू झाला होता आणि लेथच्या वर थोरल्याची शीळ ऐकू येत होती. सहा वर्षांनी निवाडा लागला होता. बैठक तडकते, हे खुद्द बैठकवाल्याने कबूल केलं होतं. त्या संध्याकाळी थोरला दोन वेळा न्हाव्याच्या दुकानावरून चालत गेला, एकदा जाताना आणि एकदा उगाच.

गुरुवारी सकाळी मास्तर न बोलावता आले, दोन्ही चपला घालून. साठ बैठका, दोनशे चार पाय. साठांना तीन-तीन म्हणजे एकशे ऐंशी. उरले चोवीस. चार पायांची स्टुलं चोवीस, तिवया छत्तीस. आज कोणी उणं नव्हतं. मास्तर जरा हिरमुसले, कारण धन उत्तरात त्यांना ती गंमत वाटत नसे, पण ताळा करून देऊन गेले. वहिनीने चोवीस बैठका मोजून वेगळ्या काढल्या, खडूने प्रत्येकीवर चार-चार खुणा करायला घेतल्या. दहा वाजले होते. तिच्या मनात बस सुटायची वेळ घड्याळासारखी टिकटिकत होती. मनात बहिणीचा ओटा दिसत होता, ओट्यावर दोघी, आणि बोलणं सगळं आपलं आपलं, कोणाचं कोणाला पोचवायचं नाही.

तिने पहिली बैठक गुडघ्याखाली दाबली, गिरमिटाचं टोक चौथ्या खुणेवर ठेवलं.

"सावकाश," थोरला म्हणाला.

तिने वर बघितलं. तो लेथ पुसत होता.

"काय सावकाश?"

"नाही, म्हणजे घाई कशाला. चहा घे आधी. मी करतो."

वहिनीने गिरमिट खाली ठेवलं. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. या बावीस वर्षांत या माणसाने तिला बरंच काही दिलं असेल, पण चहा करतो असं तो कधी म्हणाला नव्हता. चहाची पत्ती कुठल्या डब्यात असते हे त्याला माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. आणि तिच्या मनात वीज चमकावी तसं आलं की ही दोन्ही भावंडं एका ताटात जेवून वाढलेली, एकाला खोकला झाला की दुसऱ्याला व्हायचाच. एकाने सूप हलवलं असेल तर दुसऱ्याचं स्थिर कसं राहील?

ती उठली आणि पायांचा ढीग मोजायला बसली. थोरला म्हणाला, कशाला मोजतेस, मी सांगितलं ना. ती मोजत राहिली. तो म्हणाला, कंबर धरेल. ती मोजत राहिली. दुसऱ्या टोकाला धाकटा मधेच रंधा थांबवून, मान वाकडी करून, ओठ हलवत तिच्याबरोबर मोजत होता.

एकशे ब्याण्णव.

"दोनशे चार म्हणालात."

"असतील कुठेतरी."

कुठेतरी म्हणजे कुठे, हे थोरल्याच्या डोळ्यांनीच सांगितलं. ते दोनदा भुशाच्या पोत्याकडे जाऊन आले. वहिनीने पोतं उलटं केलं. भुसा धुरळ्यासारखा उठला, आणि त्यातून एकेक करून बारा पाय बाहेर आले, काल धाकट्याची कबुली ऐकल्यावर लपवलेले, गुळगुळीत, देखणे, लाजलेले.

"हे काय?"

"जादाचे." थोरला आपल्या बोटांकडे बघत होता. "एवढी मोठी ऑर्डर पहिलीच."

"घसरतात?"

"घसरत नाहीत." त्याने बोटांवरचा भुसा झटकला. "सैल होतात. कधी कधी."

गाळ्याच्या उजव्या टोकाकडून एक आवाज आला. सुरुवातीला वाटलं रंधा अडकला. पण धाकटा हसत होता. तोंडावर फडका धरून, रंध्यावर डोकं टेकून, खांदे हलवत. थोरल्याला ते ऐकू आलं, आणि वहिनीने पोचवायच्या आत त्याने ते घेतलं. आता दोघंही सारखे उघडे पडले होते. बैठकही तडकत होती, पायही घसरत होता, आणि बिचाऱ्या न्हाव्याला तर दोघांनी मिळून पाडलं असावं.

वहिनीने मास्तरांना बोलावलं नाही. वेळही नव्हता. साठांना तीन-तीन, एकशे ऐंशी. एकशे ब्याण्णवातून गेले, उरले बारा. बारा बैठकांना चौथा पाय. बाकी अठ्ठेचाळीस. ताळा: बारा चोक अठ्ठेचाळीस, अठ्ठेचाळीस त्रिक एकशे चव्वेचाळीस, मिळून एकशे ब्याण्णव. खडूने भिंतीवर लिहून तिने खाली रेघ ओढली. मास्तरांना नंतर हे कळलं तेव्हा ते म्हणाले, उत्तर बरोबर आहे, पण क्ष न धरता काढलेलं उत्तर म्हणजे दार असताना खिडकीतून घरात शिरण्यासारखं. वहिनी म्हणाली, शिरले ना. मग ते बराच वेळ भिंतीकडे बघत उभे राहिले, आणि शेवटी पेन्सिलीने तिच्या आकड्यांच्या वर, अगदी बारीक अक्षरात, क्ष आणि य लिहून गेले.

चोवीसपैकी बारा बैठकांवरची चौथी खूण पुसून तिने गिरमिट चालवायला सुरुवात केली. एकशे ब्याण्णव भोकं. बैठक गुडघ्याखाली दाबायची, छातीचा भार मुठीवर द्यायचा आणि फिरवायचं. लाकडाची वेटोळी भोकातून वर यायची आणि गुडघ्यावर साठायची. गुरुवार गेला. शुक्रवारी ती उजाडताच बसली. चार पायांची बाराही झाली. तिवया एकेक होत गेल्या, अठरा, बावीस, पंचवीस. दोन्ही भाऊ सरस ढवळत होते, आपापल्या भांड्यात, आपापल्या टोकाला, आणि निरोप चालूच होते. त्याला सांग, सरस पातळ झालाय. त्याला म्हणावं, जाड सरस डोक्यात भरलेला असतो. वहिनी पोचवत होती. दम लागला होता, त्यामुळे धुणं-पिळणं जमत नव्हतं. निरोप मळकेच जात होते.

साडेअकराला तिने अठ्ठाविसावी तिवई बाजूला ठेवली. वीस उरल्या होत्या. साठ भोकं. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, आणि पुढच्या बैठकीकडे बघितलं. बैठक उचलली. पुन्हा खाली ठेवली.

"साठ राहिलीत," ती म्हणाली. "मी निघाले."

थोरला म्हणाला, "अगं, पण भोकं..."

"गिरमिट तिथे आहे. तुम्हाला एकट्याला जमायचं नाही, गुडघ्यात तेवढा जोर नाही तुमच्या. भावजींनाही नाही. एकाने धरायचं, एकाने फिरवायचं."

धाकटा म्हणाला, "वहिनी, मग त्याला सांगा की..."

"मी नाही सांगणार," वहिनी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तीन दिवसांत तुम्ही दोघांनी मला दोन आकडे दिलेत, आणि दोन्ही फुगवलेले. सहा वर्षांत किती दिले असतील? मी आपली ते नीट करून, पुसून, इकडचं तिकडे नेत होते. तुम्हाला दोघांना दोघांचं सगळं ऐकू येतं. मधे मी कशाला?"

तिने बादलीत हात धुतले. कोपरापर्यंत भुसा होता, तो सगळा काही गेला नाही. पिशवी घेतली. दोघंही तिच्या तोंडाकडे बघत होते, सवयीने, कारण पुढचं वाक्य तिकडूनच यायचं असे. तिने तोंड मिटलं, दार ओढून घेतलं आणि बाहेर पडली.

बाहेर ऊन होतं. रस्त्याच्या पलीकडे मास्तर दारात बसले होते. त्यांनी भुवया वर केल्या. वहिनीने ओठांवर बोट ठेवलं आणि बंद दाराला कान लावून उभी राहिली.

आत बराच वेळ काहीच नव्हतं. पत्रा उन्हाने तापून एकदा कुरकुरला. कुणीतरी सरसाचं भांडं खाली ठेवलं. कुणीतरी घसा साफ केला, मग दुसऱ्याने केला. मग पावलं, चार-पाच, डावीकडून. मग पावलं, चार-पाच, उजवीकडून. गिरमिट जमिनीवरून उचललं गेल्याचा आवाज. आणि मग थोरल्याचा आवाज, जुन्या बिजागरीसारखा करकरत, सहा वर्षांनी पहिल्यांदा कुणाच्या तोंडातून न जाता सरळ निघालेला:

"सरक."

"तू सरक," धाकटा म्हणाला.

कोण सरकलं ते बघायला वहिनी थांबली नाही. बस बाराची होती, आणि तिला बहिणीला सांगायला तिचं स्वतःचं खूप साठलं होतं.